जिची तक्रार, तिलाच सांग

उदगीर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आणि वैष्णवीची बोलाचाल बंद आहे आणि तुला खोली बदलून हवी आहे, असे तू रविवारच्या फोनवर म्हणालीस. लातूरच्या तुझ्या वसतिगृहात मोबाईल संध्याकाळी तासभरच मिळतो आणि त्या तासातही आजूबाजूला दोघीतिघी उभ्या असतात, म्हणून हा विषय फोनवर लांबवण्यापेक्षा पत्र लिहितो आहे. (हा एका तासाचा नियम मला पटतो आणि तुला पटत नाही, हे मला ठाऊक आहे, तो वाद दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवू.) खोली बदलायची की नाही हे तू ठरव. रेक्टर मॅडमना अर्ज द्यायचा झाला तर मी सही करीन, त्यासाठी मला पटवून देण्याची गरज नाही. मात्र पुढच्या खोलीतही दोन मुली असतील, त्यांचेही कधीतरी काही खटकेल, आणि खटकलेले बोलायचे कसे हा प्रश्न तिथेही तसाच उभा राहील. मला लिहायचे आहे ते या प्रश्नाबद्दल.

तू सांगितलेस त्यावरून मला समजले ते असे. ‘नीट’च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षेत ७२० पैकी तुला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले. ते तू खोलीत सांगितलेस. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ताट वाढून घेताना वैष्णवीने पाच-सहा मुलींसमोर तो आकडा बोलून दाखवला. तू तिथल्या तिथे तिला झोंबेल असे बोललीस, संध्याकाळी मोबाईल हातात येताच स्टेटसला नाव न घेता एक टोमणा ठेवलास, खोलीतल्या तिसऱ्या मुलीला सगळे सांगितलेस आणि इथल्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही लिहिलेस. म्हणजे तुझी तक्रार लातूरपासून उदगीरपर्यंत पोहोचली. जिच्याबद्दल ती आहे तिला मात्र सांगायची राहिली. वैष्णवीला एवढेच ठाऊक आहे की मुक्ताचे काहीतरी बिनसले आहे. नेमके कशाने, हे तिने तिसरीच्या तोंडून ऐकले असेल, आणि ऐकीव तक्रारीला कुणी सरळ उत्तर देत नाही. अशा वेळी माणूस आपली बाजू घेणारे लोक गोळा करतो, आणि मग दोघींचे भांडण दोन गटांचे होऊन बसते.

चारचौघांसमोर तुमच्या वयाची मुले वेगळी वागतात, याचा बराच अभ्यास झालेला आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरनिराळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता; गाडी जितकी पुढे न्यावी तितका फायदा, पण वेळेवर थांबली नाही तर ती आदळणार. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटे असताना पत्करला त्यापेक्षा पुष्कळ अधिक धोका बरोबरीचे मित्र शेजारी असताना पत्करला, आणि २४ वर्षांपुढच्या माणसांत मात्र शेजारी कुणी असल्या-नसल्याने फरक पडला नाही. खेळ गाडीचा होता, पण मेसच्या टेबलावर जिभेचेही असेच होत असावे, असे माझे मत आहे. वैष्णवीने तुझा आकडा तुला खाली पाहायला लावण्यासाठी सांगितला, की सगळ्या ऐकत आहेत आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे या भरात तो तिच्या तोंडून गेला, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुलाही अजून सांगता येणार नाही, कारण तू तिला विचारलेलेच नाहीस. तू दिलेले उत्तरही वैष्णवीपेक्षा त्या पाच-सहा जणींना ऐकवण्यासाठी होते, असे मला वाटते.

दुकानात मी हे रोज पाहतो. जून महिन्यात बियाणे आणि खत उधारीवर जाते आणि सोयाबीन आडतीवर गेले की पैसे यायचे असतात. काहींचे येत नाहीत, मग मागावे लागतात. मागण्यात संकोच कसला, आपलेच पैसे आहेत. पण काउंटरवर दुसरे गिऱ्हाईक उभे असताना मी वही उघडत नाही. त्या माणसाला आत बसवतो, चहा सांगतो, आणि दोघेच असताना त्याच्या नावावर किती बाकी आहे, ती कधीची आहे आणि मला ती कधीपर्यंत हवी आहे, एवढेच बोलतो. आमच्याच बाजारातल्या एका दुकानदाराने एका शेतकऱ्याला त्याच्या जावयासमोर बाकी विचारली. तो मनुष्य दुसऱ्या दिवशी सगळे पैसे मोजून देऊन गेला आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. बाकी रास्त होती, आकडा बरोबर होता, तरी कायमचे गिऱ्हाईक गेले.

तेव्हा वैष्णवीशी बोलायचे ते दोघीच असताना. खोलीत समोरासमोर बसून बोलणे अवघड जात असेल तर क्लासला पायी जाताना बोल. शेजारून चालताना एकमेकींच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि मधे थोडा वेळ गप्प राहिले तरी ते खटकत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा निकाल लागल्याबरोबर हा विषय काढू नकोस. फार दिवस लोटूही देऊ नकोस, कारण दिवस गेले की मूळ गोष्टीपेक्षा अबोलाच मोठा होतो आणि आधी कोणी बोलायचे याचीच प्रतिष्ठा होऊन बसते.

आता बोलायचे काय, त्याबद्दल. अमेरिकेतील थॉमस गॉर्डन या मानसशास्त्रज्ञाने १९६२ पासून पालकांसाठी वर्ग चालवले आणि त्यांत वाक्याची सुरुवात ‘तू’पासून न करता ‘मी’पासून करण्याची पद्धत शिकवली, आज आपल्याकडचे समुपदेशकही ती सर्रास सांगतात. ‘तू आहेसच अशी, तुझ्या पोटात काही राहत नाही’ असे म्हटले की समोरची व्यक्ती आपण तशी नाही हे सिद्ध करण्याच्या मागे लागते आणि झालेली गोष्ट बाजूला पडते. त्याऐवजी, ‘परवा मेसमध्ये तू माझे गुण सगळ्यांना सांगितलेस, तेव्हा मला तिथून उठून जावेसे वाटले. माझे गुण कुणाला सांगायचे ते मला ठरवू दे,’ असे म्हणून पाहा. यात काय घडले ते आहे, तुला काय झाले ते आहे आणि यापुढे काय हवे तेही आहे. वैष्णवीच्या स्वभावाचा निवाडा मात्र नाही. एक पळवाट तेवढी टाळ. ‘मला वाटते की तू विश्वासघातकी आहेस’ हे वाक्य ‘मला’ने सुरू होते म्हणून सौम्य होत नाही, तो शिव्याच देण्याचा सभ्य प्रकार झाला. आणि बोलताना मागच्या चार महिन्यांची वही उघडू नकोस. पहाटे चारचा तिचा गजर, रात्री उशिरापर्यंत जळणारा दिवा, तुझी न विचारता घेतलेली बादली, हे सगळे खरे असेल, पण एका वेळी एकच बाब बोलली तर तिचा निकाल लागतो.

तुझे बोलून झाल्यावर तिला बोलू दे, आणि हे सर्वांत कठीण आहे. ती बोलत असताना आपण बहुधा ऐकत नसतो, आपले पुढचे वाक्य जुळवत असतो. तिचे संपले की उत्तर देण्याआधी तिचेच म्हणणे थोडक्यात तिला परत सांग: ‘म्हणजे तुला असे वाटले की मी तुझ्या गुणांवर जळते, बरोबर?’ चुकले असेल तर ती दुरुस्त करील.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. रविवारी बोलण्याच्या ओघात तू सांगितलेस की त्याआधीच्या सराव परीक्षेत वैष्णवीचे गुण बरेच वाढले होते आणि त्यावर तू ‘पेपरच सोपा होता’ असे म्हणाली होतीस. तू ते सहज सांगून पुढे गेलीस. माझ्या मात्र ते मनात राहिले. शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की आपली चांगली बातमी जोडीदार मनापासून, रस घेऊन ऐकतो असे ज्यांना वाटते, त्यांचे नाते अधिक समाधानाचे असते. थंडपणे ‘छान’ म्हणून विषय बदलणे किंवा त्यात खोट काढणे, यांचा परिणाम उलटा दिसतो. अडचणीत धावून जाणे आपल्याला सगळे शिकवतात, पण मैत्रिणीला आपल्यापेक्षा जास्त गुण मिळाले तर तोंड कसे ठेवायचे, हे लातूरला शिकायला आलेल्या मुलीला कुणी शिकवत नाही, आणि तिला ते दर पंधरवड्याला लागते. आनंदाचे नाटक कर असे मी म्हणत नाही. ‘या वेळी रसायनशास्त्र कसे जमवलेस?’ एवढे विचारले असतेस, तरी खरे बोलल्यासारखे झाले असते आणि तिलाही बरे वाटले असते. त्या एका वाक्याने तिला दुखावले असेल, तर ते तू आधी कबूल कर आणि मग मेसचा विषय काढ. कबूल करताना ‘तुला वाईट वाटले असेल तर सॉरी’ असे म्हणू नकोस. त्यात चूक पुन्हा ऐकणाऱ्याच्याच पदरात पडते. ‘पेपर सोपा होता असे मी म्हणायला नको होते’ एवढे पुरे आहे.

एवढे करूनही ती तुझी जिवाभावाची मैत्रीण होईलच असे नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नकोस. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणण्याजोगे नाते व्हायला ९० च्या आसपास आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक. त्यातही वर्गात किंवा कामात शेजारी बसून गेलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत. एका खोलीत तिघींनी तीन भिंतींकडे तोंड करून अभ्यास केला, तर वर्षभर एकत्र राहूनही तुम्ही एकमेकींना परक्या राहू शकता. एकत्र राहायला मैत्री लागत नाही. दिवा कधी मालवायचा, गजर किती वाजू द्यायचा आणि कुणाची गोष्ट खोलीबाहेर न्यायची नाही, यावर एकमत लागते. मुलींच्या बाबतीत ‘खोलीतली ती जिवलगच हवी’ असा एक समज असतो, त्याने निष्कारण दुःख होते.

मैत्री राखण्यासाठी सगळ्याला होकार द्यावा लागत नाही, हेही ओघाने लिहितो. नोट्स द्यायच्या नसतील, रेक्टर मॅडमना खोटे कारण सांगायचे नसेल, तर ‘मला ते जमणार नाही’ असे म्हणून थांब. कारणांची माळ लावली की समोरची एकेक कारण खोडत जाते.

या पत्रात लिहिलेले सगळे साध्या रुसव्याफुगव्यांसाठी आहे. कुणी पुन्हा पुन्हा चारचौघांत अपमान करीत असेल, पैसे मागत असेल, फोटो काढून धमकावत असेल, तर तिथे गोड शब्दांत बोलून पाहण्याची जबाबदारी तुझी नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात वसतिगृहेही येतात. अशा वेळी रेक्टर मॅडमना आणि आम्हाला त्याच दिवशी सांग. मुलांसाठीचा १०९८ आणि मानसिक त्रासाबद्दल बोलण्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, तुला नाही तर दुसऱ्या कुणाला लागतील.

राहिले घरचे. आजी फोनवर ‘जेवलीस का’ एवढेच विचारते आणि तू ‘हो’ म्हणून फोन आईकडे द्यायला सांगतेस. तिला ‘नीट’ परीक्षा म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यामुळे तिच्याजवळ प्रश्न तेवढा एकच आहे. काय जेवलीस, मेसची आमटी कशी असते, हे दोन वाक्यांत सांगितलेस तर तिचा पुढचा प्रश्न आपोआप येईल. आणि मला एक गोष्ट खटकली ती लिहितो. फोन उचलताच बाबांनी टेस्टचे गुण विचारू नयेत, असे तू आईला म्हणालीस आणि आईने ते जेवताना मला सांगितले. निरोप पोहोचला, पण आईच्या मध्यस्थीमुळे मला तुला काही विचारता आले नाही आणि माझी बाजूही सांगता आली नाही. पुढच्या रविवारी तेच मला सांग, आईला फोन देण्याआधी. मी मधे न बोलता ऐकून घेईन; मग मी का विचारतो तेही तुला सांगीन, आणि तुझे सगळेच मी मान्य करीन असे समजू नकोस.

तुझे
बाबा