कर्ब मोजलात, आता वयही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रानातला सेंद्रिय कर्ब वाढवा आणि टनामागे पैसे मिळवा, अशा कार्बन क्रेडिट योजनांच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. पाचट जाळू नका, शेणखत घाला, नांगरट कमी करा, हे सल्ले चांगलेच आहेत. आक्षेप मोजमापाला आहे. माती परीक्षणाच्या अहवालात कर्बाची टक्केवारी असते; तो कर्ब दोन पावसाळे टिकेल की दोनशे वर्षे, हे त्यातून कळत नाही.

ते कार्बन-१४ या हवेतल्या किरणोत्सारी कर्बावरून कळते; झाडापाल्यातून तो मातीत येतो. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांनी उत्तर गोलार्धाच्या हवेतले त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट केले. हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर ते उतरत गेले. चाचण्यांनंतर मातीत मुरलेल्या पाल्यापाचोळ्यात या वाढीची खूण सापडते. जुन्या कर्बात मात्र कार्बन-१४ कमी भरतो, कारण दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. इंग्लंडच्या रोथमस्टेड केंद्राने एकोणिसाव्या शतकापासून आपल्या शेतांची माती वाळवून बाटल्यांत जपली आहे. चाचण्यांआधीची आणि नंतरची माती ताडून कर्ब किती वेगाने बदलतो, याचा हिशेब तिथे मांडता आला.

माती जड द्रावणात टाकली की काडीकचरा तरंगतो आणि चिकणकणांना धरून राहिलेला कर्ब तळाशी बसतो. दोन्हींचे वय वेगळे काढावे लागते, नाहीतर सरासरी फसवते. २०१६ साली १५७ ठिकाणच्या मातींवरून वरच्या मीटरभरातल्या कर्बाचे सरासरी वय सुमारे ३,१०० वर्षे निघाले. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांनी ते कितीतरी कमी धरले होते. म्हणजे माती नवा कर्ब त्यांनी धरला त्याहून सावकाश साठवते; त्यामुळे या शतकात माती किती कर्ब शोषेल, याचा अंदाज ४० टक्क्यांच्या आसपास खाली आणावा लागला. आपल्या काळ्या रानात चुनखडीही असते. ती आम्लाने आधी काढली नाही, तर वय भलतेच येते.

ही तपासणी प्रत्येक बांधावर करा, असे कोणी म्हणणार नाही, परवडायचीही नाही. पण दिल्लीचे आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे ही सोय आहे. काळी, जांभी, पोयट्याची अशा निवडक जमिनींची तपासणी शासनाने करून घ्यावी. शिवाय योजना सुरू होण्याआधीच प्रत्येक गावातली मीटरभर खोलीपर्यंतची माती कृषी विद्यापीठांनी बाटल्यांत भरून, तारीख आणि गट क्रमांक घालून ठेवावी. उद्या पैसे देणाऱ्या कंपनीने ‘तुमचा कर्ब उडून गेला’ म्हणत वसुली काढली, तर शेतकऱ्याच्या हाती दाखवायला काहीतरी असेल.

– एक कोरडवाहू शेतकरी, जि. परभणी