लाटणं कानाला लावून

कांदिवली, मुंबई
रविवार दुपार

प्रिय वश्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. तू विचारलं असतंस, "काय रे?" मी म्हणालो असतो, "गिझर आवाज करतोय," आणि तू म्हणाला असतास, "मग बदल की." तेवढ्यावर विषय संपला असता. मला तो तेवढ्यावर संपवायचा नाही, म्हणून कागद घेतला. माझी साखर आटोक्यात आहे, सुमनचा गुडघा होता तसाच आहे. झालं.

तर गिझर. १५ लिटरचा, मोठ्या बाथरूममधला, सात वर्षांचा. डिसेंबरात एका सकाळी दाढी करत होतो आणि डोक्यावर लाह्या फुटायला लागल्या. आधी तुरळक, मग तडतड, आणि मग सगळी टाकीच गुरगुरायला लागली. अर्ध्या दाढीनिशी मी धावत जाऊन बटण बंद केलं. हात थरथरत होते. सुमनला वाटलं, शॉक बसला. त्याच बाथरूममध्ये छकुलीला रोज आंघोळ घालतात, वश्या. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे कुठलं बाथरूम उभं राहिलं, ते तुला सांगायला नको.

निखिलने दोन मिनिटांत मोबाइलवर नवीन गिझर काढून दाखवला. कंपनीचा माणूस आला, त्याने तर गिझर चालूसुद्धा केला नाही. खालून टॉर्च मारला आणि म्हणाला, "टाकी गेली काका, नवीन घ्या." मास्तरांनी त्याला दिवसभर वर्कशॉपच्या दाराबाहेर उभा केला असता. ऐकल्याशिवाय मशीन उघडायचं नाही, हे त्यांनी आपल्याकडून दोन वर्षं घोटून घेतलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला. तू डोळे मिटून सांगितलं होतंस, "आतली गोळी फुटलीय," आणि उघडल्यावर खरंच फुटलेली निघाली. त्यानंतर महिनाभर तुझी कॉलर खाली आली नव्हती!

विजेच्या वस्तूला लोखंड लावायचं नाही म्हणून मी स्वयंपाकघरातलं लाटणं घेतलं आणि स्टुलावर चढलो. टाकीच्या बाहेरच्या अंगाला काही ऐकू येईना, आत फोम भरलेला असतो. मग लाटण्याचं टोक पाण्याच्या पाइपच्या नटावर टेकवलं, दुसरं टोक कानापुढच्या हाडाला. अरे, सगळं आतलं जग उघडलं! चार दिवस मी वही घेऊन ऐकत होतो. छकुलीला हा खेळ इतका आवडला की ती तिचं छोटं लाटणं फ्रिजला लावून बसते.

आवाज एक नव्हता, तीन होते. ते वेगळे करायलाच दोन दिवस गेले. नळ झटकन बंद केला की भिंतीत 'धप्प' व्हायचं, आणि ते गिझर बंद असतानाही होत होतं. म्हणजे त्यात गिझरचा काही दोष नाही. धावणारं पाणी एकदम अडलं की पाइपला धक्का देतं, आणि आमच्या पाइपची एक क्लॅम्प निसटली होती. रबर घालून घट्ट केली, धप्प गेलं. दुसरा आवाज पाणी तापत आलं की यायचा, बारीक 'स्स्स' आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोनचार थेंब. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जागा लागते, ते थेंब म्हणजे व्हॉल्व्हचं कामच. पण त्याची दांडी उचलून बघितली तर ती अडकत अडकत उचलली जात होती. थर्मोस्टॅट कधी बिघडला आणि पाणी तापतच राहिलं, तर टाकी फुटण्याआधी वाट करून देणारी ती शेवटची गोष्ट. त्याच संध्याकाळी नवीन व्हॉल्व्ह आणून बसवून घेतला. त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

राहिल्या लाह्या. घड्याळ लावलं. बटण दाबल्यावर सहा मिनिटं शांत, मग सुरू. दिवा मात्र नेहमीसारखा १८ मिनिटांनीच विझतो. मी गणित मांडलं, १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॉटला १८ मिनिटंच लागतात. निखिल म्हणाला, "मग बिघडलंय काय?" हाच तर प्रश्न होता. उष्णता तेवढीच येतेय, पण एलिमेंट, म्हणजे आतली पाणी तापवणारी नळी, ती पाण्यात सोडताना झगडतंय.

आणि इथे मला आपलं लालबागच्या इराण्याकडचं भांडण आठवलं. पाणी उकळायच्या आधी गातं ते कशामुळे? तू म्हणायचास, विरघळलेली हवा बाहेर पडते. मी म्हणायचो, वाफ. दोन पानी कम चाय थंड झाले, तू बिल न देता उठून गेलास आणि चार दिवस बोलला नाहीस. आज सांगतो, पहिले बुडबुडे हवेचेच असतात, तिथे तू बरोबर. पण आवाज त्यांचा नाही. तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, वरच्या गार पाण्यात शिरतात आणि तिथे चिरडून मिटतात, तो आवाज त्यांचा. म्हणून तर सगळं पाणी उकळायला लागलं की गाणं मंद होतं. त्या दोन चहांचे पैसे तू अजून देणं लागतोस.

एलिमेंटवर क्षाराचा थर बसला की त्याच्याखाली पाणी कोंडतं, तिथल्या तिथे त्याची वाफ होते आणि थरातून फुटून बाहेर पडते. लाह्या त्याच. एवढं पटलं, पण एक गोष्ट पटेना. आपल्या मुंबईच्या पाण्याला क्षार कुठून? तुझ्या आईचा तांब्याचा बंब आठव. वीस वर्षं ढलप्या आणि भुशावर रोज पेटायचा, गुरगुरायचा, तू मला सांगायचास की आत तुझी आजी बसलीय. पण तो कधी तडतडला का? चाळ सोडताना आपण तो उलटा केला तेव्हा आत हात घालून मी बघितलं होतं. नुसता पातळ पापुद्रा. तानसा, वैतरणा, भातसा, सगळं तलावांत साठलेलं पावसाचं पाणी, ते मवाळ असतं. मग माझ्या सात वर्षांच्या गिझरला हे काय झालं?

दोन बाटल्या घेतल्या. एकीत वॉचमनजवळच्या नळाचं पाणी, तो थेट महापालिकेच्या लाइनवर आहे. दुसरीत आमच्या बाथरूमच्या नळाचं, गच्चीवरच्या टाकीतून येणारं. दोन्हींत साबणाचा तेवढाच कीस टाकला आणि तेवढंच हलवलं. पहिलीत बुचापर्यंत फेस. दुसरीत फेस नाहीच, वर करडी साय आणि खाली चोथा. बाटली हातात धरून मी ओट्यापाशी तसाच उभा राहिलो. बोअरवेलचं पाणी! फ्लशसाठी मारलेली बोअर कुणीतरी पिण्याच्या टाकीला जोडली होती. सेक्रेटरी आधी नाही म्हणाले. मी दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या, मग म्हणाले, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तेव्हा जोडली, काढायची राहिली. हे पाणी दोन वर्षांची मुलं पितात रे! बोअर आता तोडलीय आणि टाकी धुतलीय. पण मी त्यांच्याशी वाईट भांडलो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

शनिवारी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडला, टेस्टर लावून खात्री केली, आणि बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन गिझर उघडला. एलिमेंट बोटाएवढ्या जाडीचं असायला हवं, ते मक्याच्या कणसाएवढं झालं होतं. वर पांढरट पापुद्रे, अंड्याच्या टरफलासारखे, नखाने दाबले की कट्कन तुटत. तळातून दीड तांब्या चुरा निघाला. मॅग्नेशियमचा रॉड, जो स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही, त्याची नुसती तार उरली होती. तो माणूस "टाकी गेली" म्हणाला ना, टाकी आतून चकचकीत होती! रॉड नवीन घातला, एलिमेंट लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. ते फसफसत होतं आणि मी बादलीजवळ तासभर बसून होतो. नवीन गॅस्केट, अर्थिंग तपासलं, टाकी पूर्ण भरल्यावरच बटण दाबलं. लाटणं लावलं. अठरा मिनिटं नुसती बारीक गुणगुण, तुझ्या आजीसारखी.

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, वश्या. सुमन दारात होती, तिने काही विचारलं नाही.

२००६ चा जानेवारी. मुलुंडच्या त्या बाथरूममधला गॅस गिझर मी बसवला होता. मीच पेटवून बघितला, मीच म्हणालो, "एक नंबर चालतोय, आवाजसुद्धा नाही." खिडकी थंडीसाठी बंद होती, ती मला दिसत होती. कोंडलेल्या जागेत ज्योतीला हवा पुरत नाही, मग कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि त्याला वास नाही, रंग नाही, आवाज नाही. मला हे तेव्हा माहीत असायला हवं होतं. आपण दार फोडलं तेव्हा अलकाताई फरशीवर होती आणि गरम पाणी तसंच वाहत होतं. ती वाचली. तू मला त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीस, आणि पुढेही कधी नाही. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. मी माफी मागायला हवी होती ती मागितलीच नाही. आज मागतो.

तुझ्या हापूसला मोहोर धरला का? प्राचीचं पुण्याला नक्की झालं का? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घे, टाळू नकोस. रत्नागिरीहून मुंबईला आलास तर हॉटेल नाही, घरी. लाटणं धुऊन ठेवलंय.

आणि अलकाताईंच्या घरी आता आंघोळीचं पाणी कशावर तापतं, तेवढं विचारून मला कळव. गॅसवर असेल तर तो बाथरूमबाहेर हवेशीर जागी आहे का, तेही बघ. मला तिला विचारायचा धीर अजून होत नाही.

तुझा,
मध्या