औषध न विकल्याबद्दल

मेडिकलवाले दादा, नमस्कार.

पुण्यात ‘माल नाही’ ऐकायची आपल्याला सवय असते. माल हातात धरून ‘देणार नाही’ म्हणणारे तुम्ही पहिलेच. त्या संध्याकाळी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

नारायण पेठेत आमचं पोळी-भाजी केंद्र. दिवसभर उभं राहून गुडघे धरतात, म्हणून जावेच्या डब्यातली डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्याची गोळी. पोटात आग पडली की तुमच्याकडची पित्ताच्या गुलाबी औषधाची बाटली. महिन्यातली ती तिसरी होती. तुम्ही ती मागे ठेवलीत. “काकू, चेहरा पांढराफटक पडलाय. संडासला काळं होतंय का? डांबरासारखं?” मागे चार गिऱ्हाइकं उभी! मी पुटपुटले, होतंय तीन दिवस. “लोहाच्या गोळ्या चालू आहेत? दुखण्याच्या?” आणि मग, “उद्या नाही, आत्ता दवाखान्यात जा.” रिक्षाही तुम्हीच थांबवलीत.

हिमोग्लोबिन ७.८ निघालं. दुर्बिणीतून पाहिलं तर जठरात व्रण, त्यातून रक्त झिरपत होतं. तेच पचून काळं पडत होतं. मी वर्षभर मिसळीला शिव्या घालत होते. डॉक्टर म्हणाले, दुखण्याची गोळी जेवून घेतली तरी रक्तातून जाऊन जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करते. शिवाय एच. पायलोरी नावाचे जंतूही सापडले. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून घेतली होती म्हणे, आणि २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आमच्याकडे कुणी आमटी गार झाली म्हणून परत पाठवतं!

१४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स तुमच्याकडूनच नेला. सोबतच्या पित्ताच्या गोळीच्या पाकिटावर तुम्ही मार्करने ‘नाश्त्याआधी अर्धा तास’ असं ठसठशीत लिहिलंत, माझा चष्मा पाहून असेल. तोंड दिवसभर कडू असायचं, पण एकही डोस चुकवला नाही. गुडघ्यांना आता शेक आणि व्यायाम. जावेचा डबा तिच्याकडेच.

येत्या सोमवारी जंतू गेले का ते बघायला श्वासाची तपासणी आहे. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून दुकानात फिरकले नाही. रागावलेय असं समजू नका.

पोळी-भाजीवाल्या काकू