गोळी सोडतो, पण खाडा कोण भरून देणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र होतं, की हल्लीच्या लोकांना जरा म्हणून सोसत नाही, डोकं दुखलं की गोळी, झोप नाही आली की गोळी, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. वाचून आधी राग आला, मग जरा हसूही आलं. मी स्वतः अडीच वर्षं झोपेची गोळी घेतलेला माणूस आहे. सोसत नव्हतं म्हणून नाही घेतली, सोसत बसायला सवडच नव्हती म्हणून घेतली.

माझी ड्युटी फिरती होती. एक आठवडा फर्स्ट, मग सेकंड, मग नाईट, की परत फर्स्ट. नाईट करून घरी यायचं तेव्हा बाहेर लख्ख उजेड, पडदे ओढून आडवं व्हायचं, अंग मोडून आलेलं असतं पण डोळा काही लागत नाही आणि चार-पाच दिवसांनी शरीर कुठे रुळायला लागतं तोवर शिफ्ट बदललेली असते. त्यात मी कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे एक दिवस घरी राहिलो की खाडा. झोप झाली नाही म्हणून आज येत नाही असं सुपरवायझरला सांगून बघा एकदा. शेवटी डॉक्टरकडे गेलो, त्यांनी अल्प्राझोलाम लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. पंधराच लिहिल्या होत्या, त्यांना दोष देत नाही, पण सोळाव्या दिवशी माझी शिफ्ट तीच होती ना!

सुरवातीला अर्धी घ्यायचो. नखाने मोडायची, उरलेली अर्धी त्याच पट्टीच्या फॉइलमध्ये चिमटून ठेवायची, ती उद्याची. चार-सहा महिन्यांनी उद्याची अर्धी आजच लागायला लागली. तेव्हा मला वाटलं माझा आजार वाढलाय. आजार कसला, ही बेन्झोडायझेपिन जातीची औषधं मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या रसायनाचा जोर वाढवतात, मेंदूला त्याची सवय होते आणि तेवढ्याच डोसात पहिल्यासारखं काम होत नाही. बरं, एखाद्या रात्री घेतली नाही तर झोप आधीपेक्षा वाईट उडते, छातीत धडधडतं, मग आपणच म्हणतो बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही. हे काही कालपरवा कळलेलं नाही. ब्रिटनमध्ये 1988 सालीच औषध सुरक्षा समितीने सांगून ठेवलंय की ह्या गोळ्या दोन ते चार आठवड्यांच्या पुढे देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये ह्या सगळ्या गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि सोडताना होणाऱ्या त्रासाचा सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

आता 'आमच्या वेळी'चं बघू. 1955 मध्ये अमेरिकेत मिलटाऊन नावाची टेन्शनची गोळी आली आणि धडाधड खपली, 1960 मध्ये लिब्रियम आली, 1963 मध्ये व्हॅलियम. जाहिरातीत कोण असायचं, तर कामाने पिचलेला साहेब, नाहीतर घरकामात जीव कावलेली बाई. त्याच्याही आधी दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना झोप येऊ नये म्हणून पर्विटिन नावाच्या गोळ्या वाटल्या होत्या, ते चक्क मेथँफेटामिन, म्हणजे झोप उडवणारं जबर नशेचं औषध होतं. तेव्हा आमच्या वेळी नव्हतं हे म्हणण्यात फारसा दम नाही. माणसाकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम काढायचं झालं की पूर्वीपासून कोणीतरी गोळी पुढे केलेलीच आहे.

झोपेचंच कशाला, दुखण्याचंही तेच. अमेरिकेतल्या अपालाचिया भागातल्या कोळसा खाणींचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. वाकून, गुडघ्यावर, ओझी उचलून काम, पाठ आणि खांदे गेलेले, पण कामावर तर जायचंय. तिथे 1996 नंतर ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची पेनकिलर धो धो गेली आणि ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने 2007 मध्ये कोर्टात कबूल केलं की व्यसनाच्या धोक्याबद्दल त्यांनी दिशाभूल केली होती. तोवर घरंच्या घरं बसलेली. ॲन केस आणि अँगस डीटन ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं की अमेरिकेतले मध्यमवयीन गोरे लोक, त्यातही कमी शिकलेले, ड्रग्ज, दारू आणि आत्महत्या ह्यांनी जास्त मरायला लागलेत. काहीजण म्हणतात मुख्य दोष गोळ्यांच्या पुरवठ्याचा, काही म्हणतात हातातली कामं गेली त्याचा. मला विचाराल तर टाळी एका हाताने वाजत नाही, कंपनीने गोळी ओतली हे खरंच पण ती घेण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हतं अशी माणसं तिथे आयतीच होती.

आणि ऑफिसवाल्यांनी हसू नये. आमच्याच अकाउंट्समधल्या एक मॅडम, वर्षअखेरीला रोज डोकेदुखीची गोळी, पुढे वर्षअखेर संपली तरी रोज. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर डोकं त्या गोळीमुळेच दुखायला लागतं, डॉक्टर लोक ह्याला वेगळा आजार मानतात. त्यांना वर्षभर वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढलाय.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये अंदाज मांडला होता, आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम केल्यामुळे 2016 ह्या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार लोक स्ट्रोक आणि हृदयविकाराने गेले. त्यांनाही कोणीतरी सोसत नाही म्हणावं काय?

आता कोणी म्हणेल की मग गोळीशिवाय दुसरा इलाज नाही का? आहे ना. निद्रानाश जुना असेल तर आधी सीबीटी, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचार बदलण्याचं समुपदेशन, मग लागलीच तर गोळी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये सांगितलंय. पण त्यात पाचसहा आठवडे नेमाने जावं लागतं आणि मुख्य म्हणजे रोज एकाच वेळी झोपून एकाच वेळी उठायचं असतं. फिरत्या शिफ्टवाल्याने ते कसं करायचं? पाठीसाठी व्यायाम, फिजिओथेरपी, आराम, ह्या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे आमच्यासाठी बिनपगारी. गोळीला रजेचा अर्ज लागत नाही, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

माझी सुटली कशी ते सांगतो. अडीच वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की ड्युटी किती वाजता असते. तोवर हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं हे कबूल करतो. त्यांनी डोस अगदी थोडा थोडा उतरवायला सांगितला, सात महिने लागले, मधे दोनदा त्रास झाला तेव्हा त्याच डोसवर थांबलो. त्याच काळात एका सहकाऱ्याला घरच्या अडचणीमुळे कायमची सेकंड हवी होती, अदलाबदल होऊन मला कायमची फर्स्ट मिळाली. घरचे म्हणतात इच्छाशक्ती. मी म्हणतो कसली इच्छाशक्ती, शिफ्ट फिरती राहिली असती तर आजही पट्टी उशाशी असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रुग्णाला गोळी लिहिताना त्याचं कामाचं वेळापत्रक पण विचारा, आणि ती कधी बंद करायची ते सुरवातीलाच ठरवा. आणि कामगारांच्या तब्येतीवर शिबिरं भरवणाऱ्या मालकांनी शुगर-बीपी तपासतानाच गेल्या तीन महिन्यात रोस्टर किती वेळा बदललं तेही एकदा तपासावं.

ज्यांची अशी गोळी चालू आहे त्यांच्यासाठी एक. हे पत्र वाचून तावातावात ती एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली बेन्झोडायझेपिन अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, डॉक्टरला विचारूनच हळूहळू कमी करा. आणि तिच्यावर दारू किंवा अफूच्या जातीची पेनकिलर अजिबात घेऊ नका, श्वास मंदावतो.

पत्र लांबलं. जागेअभावी कापावं लागलं तर माझी कहाणी खुशाल कापा, पण एकदम बंद करू नका हा भाग तेवढा ठेवा.

आपला,
एक फर्स्ट शिफ्टवाला वाचक