दोन ओळखी ठेवणं म्हणजे खोटेपणा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समाजमाध्यमं चांगली की वाईट, यावर आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस चर्चा चालली आहे. ती वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, एक्स या सगळ्यांना पत्रलेखक एकाच मापाने मोजत आहेत. मी २२ वर्षं लेखा विभागात काम करते आहे. घरच्या माणसांशी बोलायला आणि कामासाठी, अशा दोन्ही कारणांनी ही माध्यमं वापरते. तिथे आपलं बोलणं कोण ऐकणार आहे, हे ठरवल्याशिवाय त्यांची तुलनाच होऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे मला नोकरी गेली तेव्हा कळलं. तीन वर्षांपूर्वी कंपनीने आमचा अख्खा विभाग बाहेरच्या संस्थेकडे सोपवला. त्या संध्याकाळी मी फेसबुकवर लिहिलं, ‘टेबलाचा खण रिकामा करताना तळाशी पहिल्या पगाराची स्लिप सापडली. शाई उडाली होती, पण आकडा वाचता येत होता.’ रात्री उशिरापर्यंत फोन थांबला नाही. शाळेतल्या मैत्रिणीने पोस्ट वाचून फोन केला. ती फार काही बोलली नाही, नुसती लाइनवर थांबली. मला त्या रात्री तेवढंच हवं होतं.

दोन दिवसांनी लिंक्डइनवर, म्हणजे कामाधंद्याच्या ओळखींसाठी असलेल्या माध्यमावर, चार ओळी लिहिल्या. अनुभव किती, कोणती कामं येतात, कशा प्रकारची जागा शोधते आहे, एवढंच. स्लिपचा उल्लेख केला नाही. पाचव्या दिवशी निरोप आला तो नऊ वर्षांपूर्वी पंधरा दिवस आमचं ऑडिट करायला आलेल्या एका गृहस्थांचा. ‘मॅडम, तुमचं वाचलं. ताळेबंदातला फरक तुम्ही शोधून दिला होता, ते लक्षात आहे. आमच्याकडे जागा निघते आहे, नाव पुढे पाठवू का?’ मधल्या काळात आमचं एकदाही बोलणं झालं नव्हतं. आज मी तिथेच काम करते.

ही नशिबाची गोष्ट नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच हे मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, तर ज्याच्याकडून बातमी कळली तो माणूस बहुतेकांना क्वचित किंवा अधूनमधूनच भेटणारा निघाला. कारण साधं आहे. जिवाभावाच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीकडून येते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवरून हे पुन्हा तपासलं गेलं. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या ना अगदी जवळच्या, ना अगदी परक्या, अशा मधल्या ओळखी. लिंक्डइनची रचनाच त्यांच्यासाठी आहे. तिथे तुमच्या ओळखीचा, त्याच्या ओळखीचा आणि त्याच्याही पुढचा, असे थर दिसतात. कुणी तुमचं पान पाहून गेलं तर सहसा तेही कळतं. घरगुती गप्पांच्या जागी हे असह्य झालं असतं, पण कामाच्या ठिकाणी ‘कुणीतरी चौकशी करतंय’ हे कळलेलं बरं असतं.

फेसबुकचा पाया वेगळा आहे. २००४ साली ते एका विद्यापीठातल्या मुलामुलींसाठी सुरू झालं, सगळ्यांना खुलं झालं ते २००६ साली. तिथल्या नात्याचं नावच ‘फ्रेंड’ आहे. इन्स्टाग्राम मधे कुठेतरी आहे. छायाचित्रकार, शिंपी, नृत्यशिक्षक अशांचं काम तिथे नजरेने पारखलं जातं. हिशेब लिहिणाऱ्या बाईने तिथे काय दाखवायचं? एक्स मला रस्त्यावरच्या सभेसारखं वाटतं. आपल्या क्षेत्रातले जाणकार काय म्हणतात ते ऐकायला उत्तम, पण मन मोकळं करायची ती जागा नव्हे.

आता जे मनाला फार लागलं, ते सांगते. त्याच दिवसांत एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. कामाचे प्रश्न संपल्यावर समोरच्या साहेबांनी मोबाइल माझ्याकडे वळवला आणि विचारलं, ‘ही स्लिपवाली पोस्ट तुमचीच ना? फारच हळव्या दिसता.’ त्यावर माझ्या पोस्टचं चित्र होतं. पोस्ट मी फक्त मित्रयादीपुरती ठेवली होती. पण त्या यादीत जुन्या ऑफिसातले साठेक जण होते. ‘नाही कसं म्हणायचं’ म्हणून मी त्यांची विनंती स्वीकारलेली. त्यांपैकी कुणीतरी स्क्रीनशॉट पुढे पाठवला होता. मी ‘हो’ म्हटलं आणि बाहेर पडले. माझ्या कामाबद्दल त्या पोस्टमधून काय कळत होतं, हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता, तो मी आज इथे विचारते. जे माझ्या माणसांसाठी लिहिलं होतं, ते उमेदवाराच्या फाइलमध्ये कुणी आणि का ठेवलं?

फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचं एक मत २०१० साली एका पुस्तकात छापलं गेलं. माणसाने स्वतःच्या दोन वेगळ्या ओळखी ठेवणं हे सचोटी नसल्याचं लक्षण आहे, असं ते म्हणाले होते. मला हे अजिबात पटत नाही. आजारी आईच्या उशाशी बसलेली मी आणि वर्षअखेरीचे हिशेब बंद करणारी मी, दोघी खऱ्याच आहोत. पण एकीच्या गोष्टी दुसरीच्या टेबलावर मांडायचा हक्क फक्त माझा आहे.

एकाच घरात पडदे लावून हे साधेल असं गूगलला वाटलं होतं. २०११ साली आलेल्या गूगल प्लसमध्ये नातेवाईक, मित्र, सहकारी यांची वेगवेगळी वर्तुळं करायची सोय होती. कल्पना मला तेव्हा फार आवडली होती. पण प्रत्येक ओळखीला वर्तुळात टाकत बसायचं, लिहिताना दरवेळी वर्तुळ निवडायचं, हे माझ्याने महिनाभरही झालं नाही. सामान्य वापरकर्त्यांसाठी ती सेवा २०१९ साली बंद झाली. म्हणून मी म्हणते, एका घरातल्या पडद्यांपेक्षा दोन वेगळी घरं परवडली. लिंक्डइनवर आता घरगुती सुखदुःखांच्या गोष्टी वाढत चालल्या आहेत, त्याचं मला म्हणूनच वाईट वाटतं. वाचणाऱ्यात उद्याचा साहेबही असतो, हे भावनेच्या भरात लिहिणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

त्या मुलाखतीनंतर मी एक रविवार याच कामाला दिला. फेसबुकवरची ऑफिसची माणसं यादीतून काढली आणि प्रत्येकाला लिंक्डइनवर दोन ओळींसह विनंती पाठवली. जुन्या पोस्ट फक्त मित्रांपुरत्या करायची सोय सेटिंगमध्ये एका ठिकाणी मिळते, ती वापरली. लिंक्डइनवर आपल्या ओळखींची यादी इतरांपासून लपवता येते, तेही केलं. नोकरी शोधत असल्याची खूण तिथे सगळ्यांना दाखवता येते किंवा फक्त भरती करणाऱ्यांना. दुसरा पर्याय निवडला तरी सध्याच्या कंपनीला ती कधीच दिसणार नाही, याची हमी लिंक्डइन स्वतः देत नाही. नोकरीत असताना दुसरी शोधणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

या सोयी असतात हेच अनेकांना ठाऊक नसतं. माझ्या नव्या ऑफिसातल्या चोविशीतल्या मुलीला मी ‘पोस्ट कुणाला दिसते ते बघ’ म्हटलं, तर तिची कॉलेजपासूनची सगळी छायाचित्रं सगळ्या जगाला खुली निघाली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी मिळून ती बंद केली. आपल्या दैनिकात तंत्रज्ञानाचं सदर असतं. त्यात ही सेटिंग्ज एकेका माध्यमासाठी, पडद्यावरच्या चित्रांसह, मराठीत पायरीपायरीने छापावीत, ही विनंती. आणि भरती करणाऱ्या मंडळींनी उमेदवाराचं घरगुती पान न उघडण्याचा नियम आपल्या कार्यालयात लेखी करावा, यावर आपण अग्रलेख लिहावा, हीही.

आपली विश्वासू,
एक नोकरदार वाचक