शाळेच्या बससाठी थांबणे: अमेरिकेत गाडी हाती घेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिन्यांसाठी येणारे आई-वडील आणि नोकरीनिमित्त नव्याने येणारे तरुण यांच्यापैकी अनेक जण आपल्या वृत्तपत्राचे वाचक आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या घरच्यांसाठी, हे पत्र लिहीत आहे. विषय एकाच नियमाचा आहे. शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की तिच्या मागून येणाऱ्याने तर थांबायचेच, पण समोरून येणाऱ्यानेही थांबायचे. भारतातला परवाना आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना एवढ्यावर इथल्या अनेक राज्यांत काही काळ गाडी चालवता येते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. इथला परवाना काढणाऱ्याला लेखी परीक्षेसाठी राज्याची पुस्तिका वाचावी लागते व तीत हा नियम असतो. पाहुणा म्हणून गाडी चालवणाऱ्याच्या हाती ती पुस्तिका बहुधा पडतच नाही.

मी अनेक वर्षांपासून न्यू जर्सीत राहते. मुलगा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. बस आमच्या घराच्या पलीकडच्या कडेला थांबत असे, त्यामुळे त्याला रस्ता ओलांडून तिच्यापर्यंत जावे लागे. जानेवारीतली सकाळ होती, पुरते उजाडलेले नव्हते. बस थांबली, लाल दिवे लागले, बाजूची ‘थांबा’ची पाटी उघडली आणि चालकबाईंनी ‘ये’ अशी खूण केली. मुलाने पाऊल उचलले तेवढ्यात त्याचा हातमोजा खाली पडला आणि तो उचलायला तो कडेलाच वाकला. त्याच क्षणी समोरून आलेली एक गाडी वेग जराही कमी न करता त्याच्या पुढ्यातून निघून गेली. बसचा हॉर्न त्यानंतर वाजला. पडलेली वस्तू उचलायला वाकू नकोस, असे मी त्याला रोज बजावत असे. त्या दिवशी तो वाकला म्हणूनच वाचला.

गाडी पुढे जाऊन थांबली. उतरून मागे आलेले गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे होते, आणि आम्ही मायलेक काय बोलतो हे कानावर पडताच ते मराठीतच म्हणाले, “बस तर पलीकडच्या बाजूला होती हो. मला वाटलं, तिच्या मागच्यांनी थांबायचं असतं.” त्यांचे हात थरथरत होते. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही, कारण त्यांना हे कोणी सांगितलेलेच नव्हते.

इथे वाहने उजवीकडून चालतात आणि बसचा दरवाजाही उजव्या बाजूला असतो. ज्या मुलाचे घर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला आहे त्याला बसच्या पुढून रस्ता ओलांडावाच लागतो, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्याच मार्गिकेत पाऊल टाकावे लागते. त्यातून बसची खिडकी उंच असते आणि बंपरला लागून चालणारे किंवा वाकलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. म्हणून मुलांना बसपासून सुमारे दहा फूट पुढे जाऊन, चालकाचा चेहरा दिसेल अशा ठिकाणाहून ओलांडायला शिकवतात, आणि बसभोवतीचे तेवढे अंतर धोक्याचे क्षेत्र मानले जाते. बसमध्ये बसलेल्या मुलापेक्षा बसमध्ये चढणारे वा तिच्यातून उतरून घराकडे निघालेले मूल अधिक धोक्यात असते. कायदा त्याच्यासाठी आहे.

बस थांबण्याआधी काही अंतरावर पिवळे दिवे लुकलुकू लागतात. ते दिसले की वेग कमी करून थांबण्याची तयारी करायची असते. ‘लाल लागण्याआधी निघून जाऊ’ असा त्याचा अर्थ अनेक जण काढतात आणि तो जिवावर बेतू शकतो. ताशी ४० मैल वेगाच्या गाडीला, चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक दाबला जाईपर्यंतचा वेळ धरला तर, कोरड्या रस्त्यावरही थांबायला ५० मीटरच्या आसपास अंतर लागते. लाल दिवे लागल्यावर मात्र थांबायचे आणि ते विझेपर्यंत थांबूनच राहायचे. मूल दिसत नाही, सगळी मुले चढलेली दिसतात, मागचा हॉर्न वाजवतो आहे, यांपैकी कोणतेही कारण चालत नाही. मला हा नियम याचसाठी शहाणपणाचा वाटतो की तो चालकाच्या अंदाजावर काहीच सोपवत नाही. गाडी चालवताना समोर कोणी आहे का, एवढे पाहून निर्णय घेण्याची आपल्याला सवय असते. इथे कोणी दिसत नसतानाही थांबायचे असते, कारण जे दिसत नाही ते बसच्या आड असू शकते.

पन्नासही राज्यांत हा कायदा आहे, पण दुभाजकाच्या बाबतीत राज्याराज्यांत फरक आहे आणि त्याची माहिती दुसऱ्या राज्यात गाडी नेणाऱ्याने करून घ्यायला हवी. न्यू जर्सीत बसपासून किमान २५ फुटांवर थांबावे लागते; मध्ये खराखुरा दुभाजक असेल तर पलीकडच्या रस्त्यावरील वाहनाला थांबणे बंधनकारक नाही, पण वेग ताशी १० मैलांवर आणावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये दुभाजक असला तरीही दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते. कॅलिफोर्नियात दोन्ही दिशांना दोन-दोन मार्गिका असलेल्या रस्त्यावर समोरच्याला थांबावे लागत नाही. शेजारच्या राज्यातला अनुभव इथे उपयोगी पडेलच असे नाही, म्हणून शंका आली की थांबावे, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

शिक्षा हलकी नाही. न्यू जर्सीत पहिल्याच गुन्ह्याला किमान १०० डॉलर दंड, शिवाय १५ दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा, आणि परवान्यावर ५ पॉइंट (नियम मोडल्याची नोंद म्हणून जमा होणारे दोषगुण) लागतात. टेक्सासमध्ये पहिला दंड ५०० ते १,२५० डॉलर आहे. तरीही नियम किती मोडला जातो याचा अंदाज २०१९च्या एका पाहणीवरून येतो. राज्यांच्या शालेय वाहतूक संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने ३९ राज्यांतील १,३०,९६३ बसचालकांकडून एकाच दिवसाची नोंद घेतली, तेव्हा थांबलेली बस बेकायदा ओलांडून गेलेली ९५,३१९ वाहने आढळली.

बसचा पिवळा रंग १९३९मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत ठरला, कारण त्यावरची काळी अक्षरे पहाटेच्या अंधूक उजेडातही वाचता येतात. नव्या बसवर ‘थांबा’ची पाटी १९९२पासून केंद्रीय नियमाने सक्तीची झाली. एवढे सगळे असूनही ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सकाळी इंडियाना राज्यात रोचेस्टरजवळ बसकडे निघालेली तीन भावंडे एका पिकअप ट्रकखाली गेली. नऊ वर्षांची बहीण आणि सहा वर्षांचे जुळे भाऊ. अंधार होता, बसचे दिवे चालू होते, पाटी उघडी होती. दिवे दिसले, पण ती शाळेची बस आहे हे उमगले नाही, असे ट्रक चालवणाऱ्या स्त्रीचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी इंडियानाने शिक्षा वाढवली आणि राज्यमार्गांवर मुलांना शक्यतो रस्ता ओलांडावा लागू नये, बसने घराच्याच बाजूला थांबावे, अशी तरतूद केली.

माझ्या मते या दुसऱ्या तरतुदीचे मोल अधिक आहे. अलीकडे बसवर कॅमेरे लावण्याची पद्धत अनेक राज्यांत आली आहे आणि माझा तिला विरोध नाही. परंतु कॅमेऱ्याची दंडपावती बहुतेक ठिकाणी गाडीच्या मालकाच्या नावे काही आठवड्यांनी टपालाने येते. आई-वडिलांनी मोडलेल्या नियमाचा दंड मुलगा भरतो, आणि तोवर आई-वडील भारतात परतलेलेही असतात. बसचा मार्ग असा आखणे की मुलाला रस्ता ओलांडावाच लागू नये, याने इंधन आणि वेळ थोडा जास्त जाईल, पण कोणा चालकाच्या स्मरणशक्तीवर मुलाचा जीव अवलंबून राहणार नाही. इथल्या मराठी पालकांनी शाळा-मंडळाच्या बैठकीत हा मुद्दा जरूर मांडावा. त्या बैठका खुल्या असतात आणि नागरिकांना बोलण्याची वेळ दिली जाते. आमच्या मुलाचा थांबा त्या प्रसंगानंतर मी लेखी अर्ज देऊन बदलून घेतला. दोन महिने लागले, पण बस आमच्या बाजूने येऊ लागली.

जे आई-वडील यंदा येणार आहेत त्यांच्या मुलांना माझी एक विनंती आहे. न्यू जर्सीत शाळा जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालू असतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला पुन्हा भरतात, त्यामुळे पाहुण्यांच्या मुक्कामात शाळेचे दिवस हमखास येतात. गाडी हाती देण्यापूर्वी त्यांना एका सकाळी जवळच्या बसथांब्यावर घेऊन जावे आणि पिवळे दिवे केव्हा लागतात, लाल केव्हा, पाटी कशी उघडते व मूल कोणत्या बाजूने येते हे त्यांना प्रत्यक्ष दाखवावे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी असेच आमच्या थांब्यावर बोलावले होते. ते आले, बस निघून जाईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझ्या मुलाने खिडकीतून हात हलवला तेव्हा त्यांनीही हलवला.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी