नोंद नाही म्हणजे शून्य नव्हे

संपादक महोदय,

पाणीपट्टीचा ग्राहक क्रमांक टाकला, पडद्यावर ‘थकबाकी ० रुपये’ आले, की माणूस निर्धास्त होतो. हा शून्य खरा असेल. किंवा तो क्रमांक यादीत सापडलाच नसेल. ऐरोली-महापे पट्ट्यात नव्याने प्रोग्रॅमर म्हणून लागणाऱ्या मुलामुलींनी हा दुसरा शून्य ओळखावा, म्हणून हे पत्र.

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅपवरचे, म्हणजे क्रमांकासमोर किंमत ठेवणाऱ्या यादीवरचे, ‘लुकअप’ हे शोधाचे फंक्शन शून्य थकबाकीची नोंद सापडली तर ‘जस्ट ०’ देते, नोंदच नसेल तर ‘नथिंग’. ते उत्तर थेट बेरजेत घातले तर कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी तो तपासून भाषांतरित करणारा, अडवतो. घाईतला माणूस मग ‘फाइंडविथडिफॉल्ट’ला (नोंद नसेल तर आपण ठरवून दिलेली किंमत परत करणारे फंक्शन) शून्य देऊन मोकळा होतो आणि भाषेने जपलेला फरक तिथेच पुसला जातो. शब्द मोजायचे असतील तर हे फंक्शन उत्तम, कारण तिथे नसणे म्हणजे शून्यच. बिलाचे तसे नाही. त्यापेक्षा मॅपमधून थेट किंमत काढणारा उद्गारचिन्हाचा ऑपरेटर परवडला: नोंद नसेल तर प्रोग्रॅम कोसळतो, निदान कळते तरी! एलिक्झिर या दुसऱ्या भाषेतले ‘मॅप.गेट’ही फसवे आहे. नोंद नसली तरी ‘निल’ (म्हणजे रिकामे), आणि नोंद असून किंमत ‘निल’ असली तरी ‘निल’च. तिथे ‘मॅप.फेच’ वापरावे, ते ‘ओके’सह किंमत देते, नाही तर ‘एरर’.

शोध हुकतो तो बहुधा मॅपमुळे नव्हे. हास्केलचा मॅप आतून समतोल राखणारे झाड असते, प्रत्येक तुलनेगणिक शोधायचा भाग साधारण निम्मा होतो. १० लाख नोंदींतही साधारण २०-२५ तुलनांत उत्तर मिळते. घोळ असतो तो क्रमांकाच्या रूपात. ‘००४१२’ एक्सेलमधून जाऊन आला की ‘४१२’ होतो. मराठी कीबोर्डवरचे देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, वेगळी अक्षरे ठरतात. ‘कोपरखैरणे’ आणि ‘कोपर खैरणे’ याही मॅपच्या लेखी दोन वस्त्या. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना मात्र फरक दिसत नाही.

म्हणून मोकळ्या जागा काढणे, आकडे एका लिपीत आणणे, अशी दोन प्रकारे लिहिलेली अक्षरे युनिकोडच्या एनएफसी या एकाच ठरावीक रूपात आणणे हे सारे एकाच फंक्शनमध्ये ठेवावे आणि नोंद घालताना व शोधताना तेच वापरावे. क्रमांक कायम स्ट्रिंगच ठेवावा. चाचणीत एक खरोखर शून्य थकबाकीचा क्रमांक आणि एक अस्तित्वातच नसलेला क्रमांक द्यावा. दोघांना पडद्यावर एकच उत्तर आले, तर ते काम पुढे पाठवू नये.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई